ब्रिटिश पोलिसांच्या जुन्या वस्तू जमवायच्या आहेत? आधी बक्कल नंबर शोधा

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रं म्हणून पाटावर काय मांडलं जायचं? विळी, वडिलांचे पाने आणि पक्कड, आणि आजोबांची पोलिसातली शिट्टी नि कमरपट्ट्याचं पितळी बक्कल. आजोबा मुंबई पोलिसात हवालदार होते. निवृत्तीच्या वेळी वर्दी जमा झाली, या दोन वस्तू घरात कशा राहिल्या ते कुणी विचारलं नाही. नवमीच्या आदल्या दिवशी आजी दोन्ही चिंचेने घासून लख्ख करायची. असं चाळीसेक वर्षं चाललं.

नोकरीनिमित्त मी बर्मिंगहॅमला आलो तेव्हा शिट्टी बरोबर आणली. शेजारी एक निवृत्त सार्जंट राहायचे. त्यांनी ती खिडकीशी नेली, भिंगाखाली तिरपी धरली आणि म्हणाले, "ही तर इथलीच." जे, मग हडसन, आणि पुढे अक्षरांची नुसती सावली. शिट्ट्या बनवणाऱ्या हडसनचा कारखाना हॉक्ली भागात, बार स्ट्रीटवर. आमच्या घरापासून बसने वीस मिनिटं. मग त्यांनी विचारलं, "आणि नंबर?" मी गावाकडून बक्कलाचा फोटो मागवला. नंबराच्या जागी आरसा! आजीने घासून घासून आजोबांचा बक्कल नंबर पुसून टाकला होता, आणि आता तो घरात कुणालाच आठवत नाही.

तेव्हापासून हा नाद लागला, त्याला अकरा वर्षं झाली. इथे राहणारे आपले लोक अधूनमधून विचारतात, की बाजारात जुनं पोलिसांचं हेल्मेट दिसलं, घेऊ का? घ्या, पण आधी हे वाचा. मी बऱ्याच चुका पैसे मोजून शिकलो आहे.

## १. आधी एक कोपरा धरा

"ब्रिटिश पोलीस" हा एक विषय नाही. लंडनचं मेट्रोपॉलिटन पोलीस दल रॉबर्ट पील गृहमंत्री असताना १८२९ साली उभं राहिलं आणि २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी पहिले शिपाई गस्तीला निघाले. (वॉरंट क्रमांक १, म्हणजे भरतीचा पहिलाच क्रमांक, मिळालेल्या शिपायाला दारू प्यायल्याबद्दल त्याच दिवशी घरी पाठवलं, असं सांगतात. सुरुवात सगळीकडे सारखीच.) पण लंडनच्या पोटातच सिटी ऑफ लंडनचं दल वेगळं. ग्लासगोचं दल तर लंडनच्याही आधीचं, १८०० सालचं. शिवाय शहरागणिक, परगण्यागणिक आपापली दलं होती. १९६० च्या दशकात आणि पुन्हा १९७४ साली त्यातली बरीच एकमेकांत विलीन झाली. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रादेशिक दलं ४३ उरली आहेत, आणि स्कॉटलंडमधल्या आठ दलांचं २०१३ साली एकच झालं.

म्हणून सुरुवातीलाच ठरवा. एकच वस्तू (फक्त शिट्ट्या), एकच दल, किंवा एकच काळ. मी बर्मिंगहॅम सिटी पोलीस धरलं, कारण ते दल १८३९ ला सुरू झालं आणि १९७४ ला वेस्ट मिडलँड्समध्ये विरघळून संपलं. संपलेल्या दलाचा फायदा असा, की नव्या वस्तू निघत नाहीत आणि यादी कधीतरी पुरी होईल अशी आशा राहते. तुम्ही ज्या गावात राहता तिथलं जुनं दल धरणं सगळ्यात सोयीचं. माणसं जवळ असतात, कागद जवळ असतात.

सगळंच घेत सुटलात तर सहा महिन्यांत कपाट भरतं आणि घरचे बोलायला लागतात. स्वानुभव.

## २. पिशवीत काय हवं

बाजारात जाताना माझ्याबरोबर हे असतं:

- दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग
- छोटी विजेरी (तिरपा उजेड टाकला की झिजलेली अक्षरं उठून दिसतात)
- लहान चुंबक. पितळ आणि चांदी चिकटत नाही, वरून पितळी मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं
- मोजपट्टी, वही, पेन
- सुटे पैसे, शक्यतो पाच-दहा पाउंडांच्या नोटा
- मऊ सुती कापड आणि दोन-तीन पिशव्या

आणि घरी एक फाइल. तिच्यात प्रत्येक वस्तूची पावती, विकणाऱ्याने लिहून दिलेली दोन ओळींची चिठ्ठी, वस्तूचे पुढून-मागून फोटो, घरच्यांकडून घेतली असेल तर त्यांचं पत्र. फाइल कशाला हवी ते पाचव्या पायरीत कळेल.

## ३. मुकुट वाचायला शिका

हे एकदा जमलं की अर्धी फसवणूक टळते. बहुतेक बिल्ल्यांवर, हेल्मेटच्या पत्र्यावर, बटणांवर मुकुट असतो. १९०१ ते १९५२ या काळातल्या राजांचा मुकुट वर घुमटासारखा फुगीर. १९५३ पासून दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा मुकुट आला, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या, दोन खांदे आणि मध्ये खळगा असल्यासारख्या. विक्रेते यांना "किंग्ज क्राउन" आणि "क्वीन्स क्राउन" म्हणतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले मुकुट याहून वेगळे, आणि त्यात प्रकारही बरेच.

आता यातली मेख. २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्स राजाने पुन्हा फुगीर मुकुट निवडला. म्हणजे आज नव्याने बनणाऱ्या बिल्ल्यावर जो मुकुट येतो, तो नवख्याला १९३० सालच्या मुकुटासारखाच वाटतो. मागच्या वर्षी एका जत्रेत कोरा करकरीत बिल्ला "युद्धापूर्वीचा" म्हणून विकायला ठेवला होता. मागे पाहिलं तर पिनसुद्धा आजच्या पद्धतीची. मी गप्प बसलो, पण माझ्या पुढच्या माणसाने घेतला.

मुकुटाखाली आद्याक्षरं असतील तर ती वाचा. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, जी आर म्हणजे जॉर्ज, आणि ई आर दिसलं की थांबा: मध्ये सातचा रोमन आकडा असेल तर सातवा एडवर्ड, दोनचा असेल तर एलिझाबेथ. दोन्हींत पन्नास वर्षांचं अंतर आणि किमतीतही.

मुकुट काळ सांगतो, पण काळाची खालची कडच सांगतो, म्हणजे वस्तू त्याआधीची नाही एवढंच. राजा बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या टोप्या बदलत नाहीत, जुना साठा संपेपर्यंत वापरतात.

## ४. नंबर, नाव आणि त्यामागचा माणूस

आपल्याकडे शिपायाचा बक्कल नंबर असतो, तसा इथे कॉलर नंबर. कोटाच्या कॉलरवर, पुढे खांद्यावर, धातूची अक्षरं आणि आकडे. लंडनच्या मेटमध्ये (म्हणजे मेट्रोपॉलिटन दलात) आधी विभागाचं अक्षर यायचं. ए म्हणजे व्हाइटहॉल, एच म्हणजे व्हाइटचॅपल.

नवख्याची पहिली चूक इथेच होते. कॉलर नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. शिपाई बदलून गेला, मेला, निवृत्त झाला की तोच नंबर दुसऱ्याला. शंभर वर्षांत एका नंबराखाली डझनभर माणसं येऊन गेलेली असतात. माणसाला जन्मभर चिकटणारा क्रमांक म्हणजे वॉरंट नंबर, आणि तो वस्तूवर क्वचितच असतो. त्यामुळे नुसत्या "एच" अक्षराच्या बिल्ल्यावरून कुणी १८८८ च्या व्हाइटचॅपल खुनांची गोष्ट सांगायला लागलं तर हसून पुढे जा. त्या खुन्याच्या, जॅक द रिपरच्या, नावावर लंडनमध्ये काहीही खपतं.

नाव हवं असेल तर पदकं बघा. इथे बऱ्याच पदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली म्हणून १८८७ मध्ये मेटच्या पोलिसांना ब्राँझची पदकं दिली गेली. १८९७ च्या हीरक महोत्सवात नव्यांना नवं पदक आणि ज्यांच्याकडे आधीचं होतं त्यांना त्यावर लावायची १८९७ ची पट्टी. कडेवर हुद्दा, नाव आणि विभाग. एवढ्यावरून माणूस सापडू शकतो.

कसा सापडतो ते सांगतो. लंडनच्या मेटची जुनी दफ्तरं लंडनच्याच क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) आहेत. तिथे मेपो या नावाखालच्या मालिका बघायच्या. मेपो २१ मध्ये १८५२ ते १९३२ या काळातली पेन्शनची कागदपत्रं आहेत, आणि त्यात जन्मगाव, उंची, केसांचा रंग, नोकरीच्या तारखा असं बरंच सापडतं. मेपो ४ मध्ये नोकरी सोडून गेलेल्यांच्या नोंदवह्या. मूळ कागद हातात घ्यायचे तर वाचकाचं ओळखपत्र काढावं लागतं. ते फुकट मिळतं, पण ओळखीचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे लागतात. पासपोर्ट आणि बँकेचं पत्र घेऊन जा. पेन नेऊ नका, आत पेन्सिलच चालते.

मेटखेरीज इतर दलांचे कागद त्या त्या परगण्याच्या अभिलेखागारात किंवा पोलीस संग्रहालयात. बर्मिंगहॅमसाठी स्टीलहाउस लेनच्या जुन्या कोठडीत वेस्ट मिडलँड्स पोलिसांचं संग्रहालय आहे. कोठड्या जशाच्या तशा आहेत, आणि आत शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

स्वस्तात सुरुवात करायची तर स्पेशल कॉन्स्टेबलचं दीर्घ सेवेचं पदक घ्या. १९१९ साली सुरू झालं, बिनपगारी हौशी पोलिसांना नऊ वर्षांच्या सेवेबद्दल मिळायचं, युद्धातली सेवा तिप्पट धरायचे. भरपूर वाटली गेल्यामुळे बाजारात मुबलक, आणि तरी कडेवर नाव. माझं पहिलं असं पदक एका माणसाचं निघालं जो बेकरी चालवायचा. रात्री गस्त आणि पहाटे भट्टी. हे मला त्याच्या नातीने सांगितलं, पदकाने नाही. तिचा पत्ता मात्र पदकाच्या कडेवरच्या नावामुळे लागला.

## ५. कायदा: हे चुकवू नका

हौसेला मोल नाही म्हणतात, पण इथे खटला होऊ शकतो.

वर्दी आणि ओळखपत्र. इंग्लंड-वेल्सच्या १९९६ च्या पोलीस कायद्यातलं ९० वं कलम लक्षात ठेवा. पोलीस नसलेल्या माणसाकडे पोलिसांच्या वर्दीतली वस्तू असेल, तर ती कायदेशीर मार्गाने मिळाली आणि कायदेशीर कारणासाठी ठेवली आहे हे त्याने सिद्ध करायचं असतं. सिद्ध करायची जबाबदारी तुमची. बिल्ले आणि ओळखपत्रंही यात येतात. म्हणून ती फाइल. पावती आणि चिठ्ठी असेल तर संग्रह हे सरळ कारण आहे. पण सध्या वापरात असलेली वर्दी, आणि वॉरंट कार्ड (पोलिसाचं ओळखपत्र) तर अजिबातच, कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आणि घरातलं हेल्मेट घालून पोरांना हसवायला रस्त्यावर जाऊ नका. पोलीस असल्याची बतावणी हा वेगळा गुन्हा त्याच कलमात आहे. फॅन्सी ड्रेससाठी दुकानात प्लास्टिकचं मिळतं.

दांडका. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण लाकडी दांडका निरुपद्रवी वाटतो. सरळ, बाजूला मूठ असलेला आणि घडीचा, असे पोलिसांचे तिन्ही प्रकारचे दांडके प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत आहेत. आधी विक्री आणि आयात बंद होती. १४ जुलै २०२१ पासून ते स्वतःच्या घरात बाळगणंही गुन्हा झालं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुराणवस्तू म्हणून सूट आहे. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातला, वर राजचिन्ह रंगवलेला दांडका चालेल, पण १९६० सालचा साधा काळपट दांडका "आजोबांचा होता हो" म्हणून कुणी पंधरा पाउंडांना देत असेल तर हात मागे घ्या. जुना घेतलात तर पावतीवर काळ लिहून घ्या. घरी नेताना कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा. सार्वजनिक जागी हातात दांडका घेऊन फिरणाऱ्याचं स्पष्टीकरण पोलीस आधी ऐकत नाहीत.

फवारा. पोलिसांच्या मिरपूडछाप फवाऱ्याचा डबा, रिकामा दिसला तरी, शिवू नका. तो बंदुकांच्या कायद्यात येतो.

बेड्या घरात ठेवायला हरकत नाही. बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीच्या जुन्या, स्क्रूच्या किल्लीने उघडणाऱ्या डार्बी बेड्या छान दिसतात. किल्ली सोबत असेल तरच घ्या आणि घेण्याआधी मनगटावर घालून बघू नका. का ते विचारू नका.

## ६. वस्तूगणिक दोन शब्द

शिट्टी. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. आधी शिपायांकडे लाकडी खुळखुळा असायचा, जोरात फिरवला की कटकट वाजणारा. १८८० च्या दशकात त्याची जागा जोसेफ हडसनच्या शिट्टीने घेतली. नळीसारखी, आत गोळी नाही, दोन सूर एकदम वाजतात म्हणून आवाज चिरत जातो. नळीवर कंपनीचा पत्ता असतो. कंपनी जागा आणि घरक्रमांक बदलत गेली, त्यामुळे पत्त्यावरून साधारण काळ ठरतो. "द मेट्रोपॉलिटन" असं कोरलेलं दिसलं की उड्या मारू नका. ते शिट्टीच्या नमुन्याचं नाव आहे, ती कारखान्यात, शाळेत, हवाई हल्ल्याच्या वॉर्डनकडे, साम्राज्यभर कुठेही गेली. दलाचं नाव आणि नंबर दोन्ही असेल ती खरी मजा. वाजवून बघायचा मोह आवरत नाही, पण विक्रेत्याला विचारून, आणि आधी पुसून.

हेल्मेट. १८६० च्या दशकापर्यंत लंडनचा पोलीस उंच टोपी घालायचा, मग हे हेल्मेट आलं. आत बुचाच्या लाकडाचा साचा, वर लोकरी कापड. मेटचं ओळखायचं डोक्यावरच्या गुलाबावरून आणि पुढच्या आठ टोकांच्या ताऱ्यावरून. सिटी ऑफ लंडनच्या हेल्मेटला कोंबड्याच्या तुऱ्यासारखी पट्टी, आणि पुढे शहराचं मानचिन्ह. काही दलांना टोकावर गोळा. आइल ऑफ मॅनचं पांढरं. स्कॉटलंडमध्ये चपटी टोपी, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची पट्टी. ती १९३२ मध्ये ग्लासगोचे प्रमुख पर्सी सिलिटो यांनी आणली, आणि आज ती जगभर पोलिसांची खूण झाली आहे.

हेल्मेट घेताना आधी आतून बघा. घामाची चामडी पट्टी, शिक्का, कुणी शाईने लिहिलेला नंबर. पुढचा पत्रा नंतर लावलेला असतो कधीकधी. हेल्मेट एका दलाचं, पत्रा दुसऱ्याचा. पत्र्याच्या जागी कापडाचा रंग कमी उडालेला असतो, त्या डागाचा आकार पत्र्याशी जुळतो का तेवढं बघा. माझ्या पहिल्या हेल्मेटवर ताऱ्याखाली गोल डाग होता. चाळीस पाउंडांचा धडा. आणि हो, गरोदर बाईला अडचण आली तर पोलिसाने हेल्मेट पुढे करायचं असा कायदा आहे, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक विक्रेता सांगेल. असा कायदा नाही.

पत्रा आणि बिल्ला. अस्सल बिल्ला ठश्यावर दाबून बनतो, कडा आणि बारीक रेघा धारदार. नकली बऱ्याचदा ओतीव, पाठ खरबरीत, भिंगाखाली बुडबुड्यांची छिद्रं.

कंदील. समोर फुगीर काच असलेला तेलाचा कंदील, रात्रपाळीचा. काळी झडप फिरवून उजेड झाकता येतो. जत्रेत जेवढे "पोलिसांचे" कंदील विकले जातात त्यातले बरेच रेल्वेचे. दलाचा किंवा पोलीस-साहित्य बनवणाऱ्याचा शिक्का नसेल तर कंदिलाचे पैसे द्या, पोलिसांचे नको.

बाहीची पट्टी. ही मला फार आवडते. वर्दी तर चोवीस तास अंगावर, मग कामावर आहे की नाही हे कळणार कसं? म्हणून कामावर असताना डाव्या बाहीवर पट्टी बांधायचे. मेटची निळी-पांढरी, सिटीची लाल-पांढरी. कापडाची असल्यामुळे कमी टिकल्या. सापडली तर धुऊ नका.

## ७. कुठे घ्यायचं

लंडनमध्ये शनिवारचा पोर्टोबेलो रोड आणि शुक्रवारी पहाटेचा बर्मंडसी बाजार. मोठ्या जत्रा नॉटिंगहॅमशरमध्ये न्यूअर्कला आणि ससेक्समध्ये आर्डिंग्लीला. गावोगावच्या रविवारच्या कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून घरातल्या जुन्या वस्तू विकतात तो बाजार) भाव सगळ्यात बरा, पण दहातल्या नऊ वेळा रिकाम्या हाताने परत यावं लागतं. लिलावात बोली संपल्यावर वर लिलाववाल्याचा हिस्सा आणि त्यावर कर लागतो. मी पहिल्या लिलावात तो धरलाच नव्हता.

घाऊक अनुभव हवा असेल तर पोलीस इन्सिग्निया कलेक्टर्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटनमध्ये सभासद व्हा. तिथले बरेच सभासद स्वतः निवृत्त पोलीस. सुरुवातीला मला वाटलं, आपल्याकडे संशयाने बघतील. आजोबांची शिट्टी टेबलावर ठेवली आणि पुढचा तासभर मला बोलायची गरजच पडली नाही.

भाव करताना आपल्याकडच्यासारखं निम्म्यावरून सुरू करू नका, इथे माणसं दुखावतात. "तुमचा शेवटचा भाव काय?" एवढं पुरतं.

## ८. निवृत्त पोलिसांशी बोलायचं कसं

वस्तू वाट पाहू शकते, माणूस नाही. माझ्या शेजारच्या सार्जंटनी मला जे सांगितलं त्यातलं निम्मं मी लिहून ठेवलं नाही, आणि आता ते नाहीत.

निवृत्तांची संघटना आहे, नार्पो, १९१९ पासूनची. तिच्या शाखा गावोगावी भेटतात. आधी पत्र किंवा फोन करून कळवा की तुम्ही कोण आणि कशासाठी. विकत घ्यायला आलो असं पहिल्या भेटीत कधीच म्हणू नका. चहाला बसा. घातपात, मृतदेह, मोठे गुन्हे विचारू नका. ते ज्याला सांगायचं तो आपणहून सांगतो. रोजचं विचारा. पाळ्या कशा होत्या? (सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा.) हजेरीला काय व्हायचं? कामावर निघण्याआधी सगळे रांगेत उभे राहायचे आणि सार्जंटपुढे दांडका, शिट्टी, नोंदवही दाखवायची. त्याला "अपॉइंटमेंट्स" दाखवणं म्हणायचे. दांडक्यासाठी पँटच्या पायात लांब चोरखिसा असायचा, म्हणून बसताना पाय सरळ ठेवावा लागे. बायकांना छोटा दांडका, पर्समध्ये मावेल असा. रात्रपाळीला दुकानांच्या दारांच्या मुठी एकेक हलवून बघायच्या. ठरलेल्या वेळी ठरलेल्या पेटीपाशी पोचून फोन उचलायचा, कारण खांद्यावरचे वायरलेस १९६० च्या दशकात आले.

हे ऐकताना मला सारखी आजोबांची हजेरी आठवायची. ते पहाटे चारला उठून कमरपट्ट्याला पॉलिश करायचे. सार्जंट म्हणाले, "आम्ही बूट." तेवढ्यावर आमची दोस्ती झाली.

बोलणं मोबाइलवर टेप करणार असाल तर परवानगी मागा. वस्तू हातात देऊन बोलायला सांगा. शिट्टीची साखळी हातात आली की बोटं आपोआप कोटाच्या दुसऱ्या बटणाकडे जातात, आणि मग आठवणीही निघतात. सांगितलेल्याची प्रत छापून त्यांना नेऊन द्या. नंतर घरचे जेव्हा कपाट रिकामं करतात, तेव्हा कुणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक असतं.

## ९. घरी आणल्यावर

घासू नका. चिंच नाही, लिंबू-मीठ नाही, पितळेचं पॉलिश नाही. पदकाच्या कडेवरचं नाव आणि बिल्ल्यावरचा नंबर हीच त्याची किंमत, आणि ती प्रत्येक घासणीत थोडी जाते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, फार तर संग्रहालयं वापरतात ते बारीक मेण, अगदी पातळ.

हेल्मेट आणि कोट लोकरीचे, त्यामुळे कसर लागते. आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. घरी सांगून ठेवा. माझ्या बायकोला मटारच्या शेजारी पोलिसाचा कोट सापडला होता. माळ्यावर किंवा तळघरात काही ठेवू नका, माळ्यावर ऊन-थंडीने बूच तडकतं आणि तळघरात बुरशी येते. हेल्मेट आत कागदाचा गोळा भरून ठेवा, टांगू नका.

प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, चिकटवू नका. चिठ्ठीवर पेन्सिलीने: कुठे घेतलं, कधी, कितीला, कुणाचं.

## १०. भारतातून आणताना आणि नेताना

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, ब्रिटिश काळातले पोलिसांचे बिल्ले, बक्कलं, शिट्ट्या अजून निघतात. मुंबईला पहिले पोलीस आयुक्त म्हणून फ्रँक साउटर १८६४ साली आले, तेव्हापासूनचा माल म्हणजे चांगलाच मोठा काळ. सुट्टीत गेलं की हात सळसळतात. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेतलं बक्कल छोटं आहे म्हणून सूट नाही. जुनी वस्तू घेतलीच तर गावी भावाकडे ठेवा आणि इथे फोटो आणा. शंभर वर्षांच्या आतली असेल तरी पावती बरोबर ठेवा आणि बॅगेतून न्या, हातातल्या सामानातून नको. पितळी बक्कल क्ष-किरणात काय दिसतं देव जाणे, माझी शिट्टी सुरक्षा तपासणीत तिघांनी वाजवून बघितली होती.

उलट दिशेनेही तेच. इथून दांडका भारतात भेट म्हणून नेऊ नका. काकांना शिट्टी न्या, खूश होतात.

आमच्याकडे आता खंडेनवमी बर्मिंगहॅमच्या बैठकीच्या खोलीत होते. पाटावर आजोबांची शिट्टी, बेकरीवाल्याचं पदक, आणि सार्जंटांच्या मुलीने दिलेलं त्यांचं हेल्मेट. हळदकुंकू मी पाटाला लावतो, वस्तूंना नाही. हळदीचा डाग लोकरी कापडावरून निघत नाही.